लाभ, दोन, तीन

मोरोपंत असनारे यांच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं अमरावतीतल्या कुठल्याही वैद्याच्या पुडीनं थांबणारं नव्हतं. त्या दुखण्याचं नाव होतं सहदेव गावंडे.

मोरोपंत काही ऐरेगैरे नव्हेत. अकोल्याच्या नावाजलेल्या वकिलाचे चिरंजीव, नागपूरची एम.एस्सी., आणि अमरावतीच्या कॉलेजात अकरा वर्षं प्री-युनिव्हर्सिटीचा रसायनशास्त्राचा पहिला तास त्यांचा. पहिला तास म्हणजे काय, ते कॉलेजात नसलेल्याला कळायचं नाही. मुलं ताजी, फळा कोरा, आणि हजेरी आपल्या हातात. यंदा तर त्या हजेरीत पहिला नंबर खुद्द त्यांच्या लेकीचा होता. मोरोपंत रजिस्टर उघडून "एक" म्हणत आणि सिंधू असनारे उभी राहून "हजर, सर" म्हणे. वर्गात ती त्यांना बाबा म्हणत नसे. तिनं तसं म्हणू नये असं त्यांनीच बजावलं होतं, आणि रोज ते "सर" ऐकताना त्यांना आतून गुदगुल्याही होत.

त्यांचा सगळ्यात गाजलेला तास म्हणजे ग्राम-रेणूचा. कुठलाही पदार्थ त्याच्या रेणुभाराइतके ग्रॅम घेतला की त्यात रेणू भरतात ठरलेले, ना कमी ना जास्त. पाणी घ्या अठरा ग्रॅम, त्यात तेवढेच. तो आकडा म्हणजे सहाशे दोन आणि त्यापुढे एकवीस शून्यं. मोरोपंत ती एकवीस शून्यं फळ्यावर अशी काढत की एक दुसऱ्याहून रेसभर लहान नसे. मग मागे सरून म्हणत, "एकं दहं शतं करत परार्धापर्यंत जा. असे साठ लाख परार्ध." मुलं वहीत शून्यं मोजून घेत. परीक्षेत एक शून्य सुटलं की मोरोपंत तीन गुण कापत. सिंधूला तर त्यांनी दहाव्या वर्षीच तो आकडा पाठ करून घेतला होता, आणि पाहुणे आले की ती स्तोत्रासारखा म्हणून दाखवी. मोरोपंतांच्या मते शिकवणं याहून वेगळं नसतं.

एकसष्टच्या जूनमध्ये हा सहदेव आला. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातल्या महादेवराव गावंड्यांचा मुलगा, वय चोवीस, डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे काम काय, तर प्रयोगशाळेत मुलांना नळ्या धरायला शिकवायचं आणि फुटलेल्या काचेची यादी करायची. तेवढं करून गप्प राहिला असता तर कुणाचं काय जात होतं. पण एक दिवस मोरोपंतांनी प्रयोगशाळेत डोकावून पाहिलं तर फळ्यावर मोठ्या अक्षरात 'मोल' लिहिलेलं.

"गावंडे," मोरोपंत म्हणाले, "मोल म्हणजे किंमत. आपण इथे रसायनशास्त्र शिकवतो."

"हो सर. पन हे मोल किमतीचं नाही जी. ग्राम-रेणूलेच आता मोल म्हनतात, इंग्रजी पुस्तकात." सहदेव हात पुसत म्हणाला, आणि वर्गाकडे वळला. "डझन म्हनलं का बारा. आंब्याची फाडी म्हनलं का आमच्याकडं सहा. तसं मोल म्हनलं का सहाशे दोन आन् एकवीस शून्यं. मोजाचं माप हाय ते. फरक इतकाच का फाडीतले आंबे तुमी खाऊन राहिले, आन् मोलातले रेणू कोनी पाह्यलेबी नाही."

मुलं हसली. मोरोपंतांच्या तासाला अकरा वर्षांत कुणी हसलं नव्हतं. ते दारातूनच परत फिरले.

पण खरी ठिणगी पडली ती घरी. त्या आठवड्यात एका संध्याकाळी सिंधू आली ती वाऱ्यासारखी, चपला एक इकडे एक तिकडे. कंपासपेटी उघडून तिनं ताटाशेजारी ज्वारीचे दाणे ओतले आणि सांगत सुटली. गावंडे सरांनी घरची एक पायली ज्वारी आणली. पन्नास मुलांना पन्नास ढीग वाटून दिले. प्रत्येकानं तासभर दाणे मोजले. तिच्या वाट्याला एक हजार नऊशे एकाहत्तर. सगळ्यांची बेरीज एक लाख तीनशे सात.

"म्हणजे एका पायलीत एक लाख दाणे, बाबा. लाख म्हणजे केवढे ते मला आज कळलं. माझी बोटं दुखतायत."

"लाख तुला पहिलीत शिकवला होता," मोरोपंत म्हणाले.

"तो आकडा होता," सिंधू म्हणाली आणि दाणे पुन्हा मोजायला बसली.

मोरोपंतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं कशाला बोला, त्यांना सहदेवच्या पगाराचा हेवा नव्हता, तो त्यांच्या निम्माही नव्हता. त्याच्या तरुणपणाचाही नव्हता. हेवा होता तो लेकीच्या त्या चेहऱ्याचा. सतरा वर्षं वाढवली, आकडे, पाढे, स्तोत्रं सगळं शिकवलं, आणि असा चेहरा तिनं त्यांच्याकडे पाहून कधी केला नव्हता. तो मूर्तिजापूरच्या एका पोरानं पायलीभर ज्वारीत मिळवला.

"वरण घ्या, गार होतंय," अनसूयाबाई म्हणाल्या. नवऱ्याचं तोंड कशानं कडू झालंय ते त्या बाईला न सांगता कळत असे.

तिथून पुढे मोरोपंतांना दुसरं काही सुचेना. सहदेवच्या चुका टिपायला त्यांनी एक छोटी वही केली. 'ळ'च्या जागी 'य' म्हणतो, लिहिलं. काचपात्राला भांडं म्हणतो, लिहिलं. मुलांच्या बाकावर बसतो, तेही लिहिलं. चार महिन्यांत वही अर्धी भरली, पण एकही चूक अशी नव्हती की प्राचार्यांच्या टेबलावर ठेवावी. रसायनशास्त्रात कार्टं चुकत नव्हतं, आणि मोरोपंतांचा सगळा जळफळाट त्याचाच होता.

आणि मग डिसेंबरात प्राचार्य बापूसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. बापूसाहेब गोड माणूस, पण गोड बोलूनच ते मान कापत.

"असनारे, मुलं फार नाव घेतात गावंड्यांचं. संक्रांतीनंतर पहिला तास त्यांच्याकडे द्यावा असं मनात आहे. तुम्ही वरचे वर्ग घ्या, तिथे तुमच्यासारखा अनुभवी माणूस हवा. पण आधी एकदा त्यांचं शिकवणं आपण दोघं बघू. काही उणं वाटलं तर तुम्ही स्पष्ट सांगायचं. तुमचा शब्द मी मोडणार नाही."

मोरोपंत बाहेर आले ते मनातल्या उकळ्या दाबतच. काही उणं वाटलं तर. म्हणजे एक चूक हवी, फक्त एक. ती सापडली तर पहिला तास राहिला, 'एक' राहिलं, 'हजर, सर' राहिलं. नाही सापडली तर रोज सकाळी आपली लेक दुसऱ्याच माणसाला हजर व्हायची.

ठरल्या दिवशी व्याख्यानाच्या खोलीत मध्यभागी ज्वारीचं पोतं उभं होतं. नव्या पिकाचं, महादेवरावांनी स्वतः मूर्तिजापूरहून गाडीत घालून आणलेलं. शेजारी सतरंजी आणि पायलीचं माप. बापूसाहेब पुढच्या खुर्चीवर बसले. मोरोपंत मुद्दाम मागच्या भिंतीशी बसले, मांडीवर वही, हातात टोक केलेली पेन्सिल. पुढे मुलं उभी राहून वाकली होती, त्यामुळे त्यांना पाठीच दिसत होत्या. दिसायचं काही अडलं नव्हतं. कान होते.

"पोत्यात किती पायल्या भरतात ते आधी पाहू," सहदेवचा आवाज आला. पायली पोत्यात गेली, ज्वारी सतरंजीवर सांडली. "लाभ."

बरं, मोरोपंत मनात म्हणाले, आधी देवाचं नाव घेतलं. आपण श्रीगणेशा करतो, हे लाभ म्हणत असतील. त्यांची पेन्सिल तयार होती.

"दोन."

मोरोपंतांनी एक रेघ ओढली, आणि ओढता ओढता थबकले. दोन? मग एक कुठे गेला? त्यांच्या अंगावर काटा आला, पण सुखाचा. गडी 'एक' म्हणायलाच विसरला. "तीन." रेघ. "चार." रेघ. प्रत्येक आकड्याला एक रेघ, पाच पाचाचे जुडगे, मोरोपंतांची पेन्सिल अशी चालली की अकरा वर्षांत शून्यं काढतानाही चालली नव्हती. शेवटी सहदेव म्हणाला, "तीस. पोतं खाली झालं." मोरोपंतांनी रेघा मोजल्या. एकोणतीस. पुन्हा मोजल्या. एकोणतीस.

बस्स. सापडलं. आता वर्गात पुढे काय चाललंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं राहिलं नाही. ते त्या एकोणतीस रेघा कुरवाळत बसले.

पुढे मात्र बरंच काही चाललं होतं. सहदेव फळ्यावर भागाकार मांडत होता. पोत्यात दाणे तीस लाख. पायलीत चार लिटर ज्वारी मावते. एका मोलाइतके दाणे घेतले तर पायल्या किती, लिटर किती, त्याचे घनमैल किती. शून्यं एकेक करून कटत गेली.

"आता आपला वऱ्हाड घ्या," तो म्हणाला. "अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ. चारही जिल्ह्याच्या शिवेवर कूड घाला, शेनानं लिपा. झाली एक कनगी. तिच्यात एक मोल दाने ओता. कनगी किती उंच लागन?"

"चिखलदऱ्याइतकी," कुणीतरी म्हणालं.

"चिखलदरा तर बुडूनच राह्यते. बडनेऱ्याले गाडीत बसा. अकोला, भुसावळ, मनमाड, नाशिक. इगतपुरीले उतरा. आला ना सारा रस्ता ध्यानात? आता तो रस्ता उभा करा. तेवढी."

सहदेवनं एक लहानशी काचनळी उचलली, तिच्यात बोटभर पाणी होतं. "आन् तेवढे रेणू ह्याच्यात हायेत. हे अठरा ग्राम."

मुलं एकदा नळीकडे बघत होती, एकदा वर छताकडे. एक पोर खालीच बसलं. बापूसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि तो परत लावायचं विसरले. सिंधू दोन्ही हात गालांवर धरून उभी होती.

आणि नेमके त्या वेळी मोरोपंत उठले.

"प्राचार्य महाशय, एक गंभीर चूक झालेली आहे." वही उंच धरून ते पुढे आले. मुलांनी वाट करून दिली. "गावंडे, तुमची एक पायली कमी आहे. पोत्यात एकोणतीस पायल्या निघाल्या, तुम्ही तीस सांगितल्या. तुम्ही 'एक' उच्चारलाच नाही. लाभ म्हणालात आणि एकदम दोन. ज्याचा पायाच चुकला त्याच्या पुढच्या गणिताला काय अर्थ?"

मागून एक हसू फुटलं आणि कुणीतरी ते हातानं दाबलं. पन्नासातली चाळीस मुलं खळ्यावर वाढलेली. कुणी बुटांकडे पाहू लागलं, कुणी खिडकीतून बाहेर.

सहदेव मात्र हसला नाही. उलट त्याचीच मान खाली गेली, आणि मोरोपंतांना ते हसण्याहून जास्त लागलं.

"सर, लाभ म्हनजेच एक जी," तो हळू म्हणाला. "माप मोजताना पयल्या पायलीले एक नाही म्हनत. आमचा बुढा म्हन्ते, एक म्हनलं का धान्य एकटंच राह्यते. म्हून लाभ म्हनाचं, मंग दोन. माही चूक झाली. वर्गात एक म्हनाचं होतं."

बापूसाहेब खाकरले, चष्मा लावला, आणि "उत्तम, उत्तम, हिशेब चोख आहे" असं काहीतरी म्हणून उठले. जाता जाता त्यांनी मोरोपंतांच्या खांद्यावर हात ठेवला. "पहिला तास तुमचाच राहू द्या, असनारे. अकरा वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत." त्यात कीव इतकी उघड होती की कुणालाही दिसली असती.

म्हणजे बघा, ज्यासाठी चार महिने जीव टाकला ते मिळालं. घरी येताना मोरोपंतांना ते खिशातल्या ओल्या रुमालासारखं वाटत होतं.

"तुला ठाऊक होतं, लाभ म्हणतात ते?" त्यांनी अनसूयाबाईंना विचारलं.

"अगं बाई, दर पौषात आपल्या परसात मोजतात की. तुमच्या अकोल्याच्या घरीसुद्धा खुशालराव गडी मोजायचा. तुम्ही पुस्तकात डोकं घालून बसत असाल."

सिंधू ओसरीच्या पायरीवर होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती आली आणि त्यांच्याजवळ बसली.

"बाबा, लाभ माहीत नसला तर त्यात काही नाही. मलाही गावंडे सर येईपर्यंत माहीत नव्हता. पण कणगी इगतपुरीपर्यंत गेली होती, आणि तुम्ही एका पायलीसाठी उठलात. ती असती काय अन् नसती काय, त्या आकड्याला पत्ता तरी लागला असता का? तुम्हाला तो आकडा कधी दिसलाच नाही का, बाबा?"

अकरा वर्षं मोरोपंतांनी एकवीस शून्यं काढली, पण शून्याच्या गोलाईपलीकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि हे आजवर कुणाला कळलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही. कळलं ते पहिल्यांदा सिंधूला.

दिवस कलला तसे ते संध्येला बसले. पळीनं तळहातावर पाणी घेतलं. केशवाय नमः, प्यायले. नारायणाय नमः, प्यायले. माधवाय नमः. चौथी पळी ताम्हनात सोडायची, तिथे हात थांबला. पळीत किती पाणी मावतं? साडेचार ग्रॅम, फार तर पाच. अशा चार. म्हणजे अठरा ग्रॅम. मुंजीपासून सकाळ-संध्याकाळ आपण तीन पळ्या पितो, चौथी सोडतो, आणि रोज दोनदा तेवढं अख्खं माप हातातून जातं.

त्यांनी डोळे मिटले आणि कूड घालायला घेतला. अमरावतीची शीव, अकोल्याची शीव. जिथे ते लहानाचे मोठे झाले ती गल्ली, वडिलांचं ऑफिस, मूर्तिजापूरचं स्टेशन, बाळापूरचा किल्ला, सगळं आत. ज्वारी पडू लागली. गल्ली बुडाली. किल्ला बुडाला. चिखलदरा बुडाला. बडनेऱ्याहून गाडी सरळ वर निघाली, भुसावळ गेलं, आणि ज्वारी पडतच होती. मनमाडला त्यांची छाती भरून आली. नाशिकच्या पुढे त्यांना जाववेना. डोळे उघडले तर तळहातात एवढंसं पाणी.

आणि त्यांच्या मनात पहिलं काय आलं? तर हे त्या पोराला चोविसाव्या वर्षी दिसलं, मला सत्तेचाळिसाव्या. हेवा गेला नव्हता. आधी तो लेकीच्या चेहऱ्याचा होता, आता खऱ्या गोष्टीचा झाला होता, त्यामुळे जास्तच बोचत होता. अनसूयाबाई दिवा घेऊन आल्या तेव्हाही मोरोपंत पाणी हातात धरून बसलेच होते.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या दिवशी मोरोपंत वर्गात आले ते एकटे नव्हते. मागे सहदेव होता, गोंधळलेला, बगलेत पायली.

"तास आजपासून गावंडे सर घेतील," मोरोपंत म्हणाले. "बापूसाहेबांना मी तसं लिहून दिलं आहे. वरच्या वर्गाला जायला मला अर्धा तास आहे, तेवढा वेळ मी मागच्या बाकावर बसेन. आजची हजेरी तेवढी मी घेतो."

त्यांनी रजिस्टर उघडलं. दौतीत टाक बुडवला. सहदेवकडे बघायचं त्यांनी टाळलं. बघितलं असतं तर पुन्हा पोटात दुखलं असतं. सिंधू सवयीनं अर्धी उठलीच होती.

मोरोपंतांनी टाक पहिल्या नावाशी नेला.

"लाभ," ते म्हणाले.

वर्गात कुणी हसलं नाही. सिंधू पूर्ण उभी राहिली.

"हजर, बाबा."

मोरोपंतांनी तिच्या नावापुढे रेघ ओढली.

"दोन."